टिकाऊ रॉड-रील घ्याच, पण तंगूस ‘न तुटणारा’ नको

तुमचे प्रश्न तीन आहेत. पवना धरणावर आणि रेवदंड्याच्या खाडीत गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, चालेल असं वर्षानुवर्षं टिकणारं सामान कोणतं, दुकानदार म्हणतो तसा ‘तुटणारच नाही’ असा सगळ्यात जाड तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) घ्यावा का, आणि पहिली फेरी जूनमध्ये मारावी का.

आधी तंगुसाचं सांगतो, कारण दुकानदाराचा सल्ला मला अजिबात पटलेला नाही. रॉड आणि रील तुमच्या हातात राहणार, ते जन्मभर टिकलं तर उत्तमच. पण गरी (गळाचा आकडा) आणि दोरा तळाला नेणारं वजन कधी ना कधी खडकात नाहीतर बुडालेल्या फांदीत अडकणार आणि दोरा तोडावा लागणार. मग तो कुठे तुटावा हे आपण आधीच ठरवून ठेवायचं. टोकापर्यंत एकच जाड तंगूस असेल तर तो जिथे घासला गेलाय तिथे तुटतो, बऱ्याचदा आपल्या पायाजवळच्याच खडकावर, आणि बाकीचा सगळा दोरा पाण्यात जातो. नायलॉन कुजत नाही.

पवनेचं पाणी उतरलं की काठच्या वठलेल्या झाडांवर असे दोरे लोंबताना दिसतात. त्यात अडकलेला एक पाणकावळा आम्ही सोडवला होता. पंखाच्या सांध्याभोवती दोऱ्याचे दोन वेढे होते आणि धडपडीत ते कातडीत रुतले होते. एकानं डोक्यावर टॉवेल टाकून धरला, दुसऱ्यानं छोट्या कात्रीनं एकेक वेढा कापला. तो उडून गेला, पण आम्ही पोहोचलो नसतो तर तिथेच मेला असता.

म्हणून धरणावर मुख्य दोरा ०.३५ मिमीचा असेल तर गरीकडचा हातभर दोरा ०.२८चा लावा. अडकलं तर गरीजवळच तुटेल. खाडीत शिंपल्यांच्या खडकांमुळे पुढचा दोरा जाडच लागतो, तिथे वजन वेगळ्या, बारीक आणि कमजोर दोऱ्यावर बांधा. तळाला सहसा वजनच अडकतं, तेवढंच जाईल, गरी आणि मासा दोन्ही तुमच्याकडे राहतील. अडकल्यावर रॉड उपसून हिसके देऊ नका, रॉडची टोकं तशीच मोडतात. आधी दोरा सैल सोडून बाजूला चालत जा आणि उलट्या दिशेनं ओढून बघा. नाहीच सुटलं तर दोरा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ रेषेत मागे चालत जा. दोरा ब्रेड, म्हणजे विणलेला, असेल तर हाताला कधीच गुंडाळू नका, बोट कापतं.

वजन शिशाचं नको. बदकं अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यात शिशाचे गोळे गेले की विषबाधा होते. ब्रिटनमध्ये याच कारणानं हंस मरत होते, म्हणून तिथे १९८७ साली गळाच्या छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या धरणांवर हळदी-कुंकू बदकं बारा महिने असतात. हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी नट तेच काम करतो. गरीही स्टेनलेसची नको, साधी गंजणारी घ्या आणि तिच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. माशानं गरी खोल गिळली आणि त्याला सोडायचं असेल तर ओढू नका, तोंडाशी दोरा कापा. हात ओले करूनच मासा धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही पुढे रोगानं मरतो.

आता रॉड-रील. शिकताना निव्वळ कार्बनपेक्षा फायबरग्लासचा किंवा मिश्र रॉड घ्या, तो आपटणं-धडकणं सोसतो. रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोरा जातो त्या तपासायला कापसाचा बोळा आतून फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे आणि ती तुमचा प्रत्येक दोरा खाणार. रीलवर बेअरिंग किती लिहिलीत त्यानं भुलू नका, हँडल हलवून खुळखुळतंय का बघा. खाडीवरून आल्यावर ड्रॅग (दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट करा, नळाच्या बारीक धारेखाली रील धुवा, पुसा, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. बादलीत बुडवू नका, पाणी आत शिरतं. दोरा ज्या छोट्या रोलरवरून वळतो तिथे तेलाचा एक थेंब, बस. एवढं केलं तर मध्यम किमतीचं रीलही बरीच वर्षं चालतं, नाही केलं तर महागडंही मिठानं जाम होतं. जुना तंगूस काढाल तेव्हा त्याचे बोटभर तुकडे करून मगच घरच्या कचऱ्यात टाका. किनाऱ्यावर दुसऱ्याचा पडलेला दिसला तर तोही उचला.

जूनमध्ये मात्र नको. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीच्या माशांवर गावकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे हे खरं, पण आपण हौसेला जाणारे, आपल्याला तेवढे महिने थांबायला काय हरकत आहे? महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीत लोकांनी देवीचे म्हणून महसीर मासे राखलेत, गाव ठरवतं तेव्हा मासा टिकतो. पवनेवर ऑक्टोबरनंतर जा. धरणांमधल्या मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, आधी तिथल्या संस्थेला विचारून परवानगी घ्या.

रॉडची लांबी धरणाला वेगळी आणि खाडीला वेगळी लागते. जास्त कुठे जाणार ते कळवा, मग नेमकं सांगतो.