कंपनीच्या आवारात पवनचक्की बसवायची आहे, नियोजन कुठून सुरू करू?

बडोद्यात हालोल रस्त्यावर तुमच्या कंपनीचं तीन मजली ऑफिस, गेटपाशी जुने वड, आणि मॅनेजमेंटला अगाशीवर ५ किलोवॉटच्या दोन पवनचक्क्या हव्या आहेत, असं तुम्ही लिहिलंय. सुरुवात कोटेशन मागवण्यापासून करू नका, एवढं आधी सांगतो.

मी बडोद्यातच एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहायचो. आमच्याकडे सगळं उलटं झालं. मोठ्या साहेबांनी परदेशात कुठंतरी पाहिलं, महिन्याभरात ऑर्डर गेली आणि अगाशीच्या कठड्याला लागून उभ्या आसाच्या दोन चक्क्या उभ्या राहिल्या. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या मीटिंग रूममध्ये घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. यंत्र ठीक होतं. खांब थेट स्लॅबला बोल्ट केलेला, त्यामुळे अख्खा स्लॅब तबल्यासारखा घुमत होता. मग उत्तरायण आलं, म्हणजे संक्रांतीचे पतंग. १५ जानेवारीला दुपारभर मी शिडीवर उभा राहून शाफ्टला गुंडाळलेला मांजा ब्लेडने कापत होतो. बेअरिंगच्या सीलपर्यंत दोरी शिरली होती. हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नसतं.

आता मुद्द्याचं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ऊर्जा आठवा हिस्सा उरते. पाच मीटर व्यासाची चक्की घ्या. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात, म्हणजे सेकंदाला ११ मीटर, ती साडेचार-पाच किलोवॉट देईल आणि पाटीवर तेवढंच छापलेलं असतं. तीच चक्की सेकंदाला ४ मीटरच्या झुळकीत जेमतेम २०० वॅट देते. छताचे तीन पंखे चालतील.

म्हणून ‘इथं सरासरी वारा ४ मीटर आहे’ या वाक्यावर हिशेब मांडू नका. एक तास २ मीटर आणि एक तास ६ मीटर वाहिला तरी सरासरी ४च येते, पण २चा घन ८ आणि ६चा २१६, त्यांची सरासरी ११२; सलग ४ मीटर वाहिला असता तर ६४. सरासरी तीच, ऊर्जा पावणेदोन पट. हे कळायला दर दहा मिनिटांची नोंद ठेवणारा वेगमापक हवा, तोही चक्की जिथं बसणार तिथं आणि तेवढ्याच उंचीवर. वर्षभर. आपल्याकडे मे ते जुलै नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो आणि दिवाळीच्या सुमारास पान हलत नाही. तीन महिने मोजून भागत नाही.

विक्रेता तुम्हाला चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा आकडा दाखवेल: १२० मीटर उंचीवर गुजरातची क्षमता १४२ गिगावॉट, देशात सर्वांत जास्त. आकडा खरा आहे. पण तो १२० मीटरचा, आणि त्यात मोठा वाटा कच्छ-सौराष्ट्राचा. तुमची अगाशी असेल १२ मीटरवर.

त्यात ते वड. झाडामागे किंवा इमारतीमागे वारा ढवळून निघतो. ही ढवळाढवळ उंचीच्या वीस पट अंतरापर्यंत जाते आणि वर दुप्पट उंचीपर्यंत चढते. १५ मीटरचा वड म्हणजे मागे ३०० मीटर खराब वारा. १५० मीटरच्या आत जे काही उंच आहे, त्याच्यापेक्षा पात्याचं खालचं टोक किमान १० मीटर वर हवं, हा जुना आडाखा आहे. म्हणजे स्वतंत्र पाया आणि स्वतंत्र मनोरा; अगाशी विसरा. वड तोडायचा विचार मनातही आणू नका, गावाचं नावच त्याच्यावरून आलंय.

मनोरा म्हटलं की परवानग्या. हरणीचा विमानतळ आहे, म्हणून विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा रंगीत नकाशा आधी बघा. वीज ग्रिडला जोडायची तर मध्य गुजरात वीज कंपनीकडे अर्ज. पात्यांची हलती सावली कुणाच्या खिडकीत पडते तेही पाहा, दुपारभर डोळ्यांसमोर लुकलुक होत राहिली की माणसं वैतागतात. कंट्रोल पॅनेल तळघरात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठं कुठं शिरलं ते विसरला नसाल.

माझं मत विचाराल तर मॅनेजमेंटला दोन कागद द्या. एकावर, तेवढ्याच पैशांत अगाशीवर सोलर: ५ किलोवॉटला आपल्याकडे दिवसाला साधारण २० युनिट. दुसऱ्यावर, वाराच हवा असेल तर कच्छ-सौराष्ट्रातल्या पवनप्रकल्पाची वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रिडच्या तारांवरून थेट उत्पादकाकडून विकत घेणं. तिथं दर १५ मिनिटांचा हिशेब होतो आणि तारा वापरल्याचा वहन आकार लागतो, पण ती वीज खरोखर वाऱ्याची असते. एवढं करूनही गेटपाशी एक फिरती चक्की हवीच असेल तर लावा, शोभेच्या खात्यात खर्च टाका. मात्र विक्रेत्याकडून दोन वर्षं चाललेल्या चक्कीचा पत्ता घ्या, जाऊन मीटर वाचा, आणि जायचं तर ऑक्टोबरात जा.