मायनस 3.5 नंबर आहे. सायकलिंगसाठी नंबरचा गॉगल कसा निवडावा?
मायनस 3.5 ला थेट नंबरची काच बसते, इन्सर्टची (गॉगलच्या आत बसवायच्या वेगळ्या नंबरच्या काचांची) गरज नाही. खरी गडबड फ्रेमच्या वळणात होते. चेहऱ्याला गुंडाळणाऱ्या 8 बेसच्या फ्रेममध्ये (बेस म्हणजे वळणाचं माप, आकडा मोठा तितकं वळण जास्त) काच तिरकी बसते; रोजच्या चष्म्याचा नंबर तसाच घातला तर कडेचं दृश्य वाकतं, डोकं दुखतं. म्हणून शक्यतो 6 बेसची फ्रेम घ्या आणि चष्मेवाल्याकडून वळणानुसार नंबर दुरुस्त करून घ्या. हँडलवर वाकलं की आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो, म्हणून काचेच्या केंद्राची (बाहुलीसमोर येणाऱ्या बिंदूची) खूण त्याच बैठकीत करायला लावा. (दुकानात विचित्र दिसेल, दिसू दे.)

काच पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सची (दोन्ही सहज न फुटणारी प्लास्टिकं), यूव्ही 400 म्हणजे अतिनील किरणं अडवणारी. पोलराइज्ड (परावर्तित चमक कापणारी) नको: सायकल कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा दिसू शकतो, ओल्या रस्त्याची चमकही लपते. पहाटे निघून उन्हात परतत असाल तर कॅटेगरी 1 ते 3 ची (1 फिकट, 3 गडद) फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणारी काच उत्तम. फक्त बोगद्यात ती लगेच उजळत नाही, काही मिनिटं लागतात.

नंबर फार मोठा असेल तरच इन्सर्ट. त्यावर वाफ धरते, पापण्याही घासतात.