रूब फॉस्टर नीग्रो नॅशनल लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बेसबॉल लीगचे, संस्थापक म्हणून माहीत आहेत. खेळाडू म्हणून ते खरंच मोठे होते का?

हो, लीग काढण्याआधीच ते कृष्णवर्णीय बेसबॉलमधले अव्वल पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारे खेळाडू) होते. 1903 मध्ये क्यूबन एक्स-जायंट्सने फिलाडेल्फिया जायंट्सला हरवलं ते मुख्यतः त्यांच्या पिचिंगवर. पुढच्याच वर्षी ते फिलाडेल्फियाकडे गेले आणि विजेतेपदही तिकडे गेलं. माझ्या मते मात्र त्यांचं खरं डोकं मॅनेजर म्हणून दिसतं. 1911 पासूनच्या शिकागो अमेरिकन जायंट्सची ठरलेली चाल बघा: पहिल्या बेसवरचा (धाव पूर्ण करताना ओलांडायच्या टप्प्यांपैकी पहिल्यावरचा) धावपटू पिचरने चेंडू फेकताच सुटायचा, बॅटर तिसऱ्या बेसच्या बाजूला हलका बंट टाकायचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवायचा. तिथला फील्डर चेंडू उचलायला पुढे आला की बेस मोकळा, आणि धावपटू दुसऱ्यावर न थांबता थेट तिसरा गाठायचा. बंट पिचरच्या हातात गेला तर सगळं फसायचं, म्हणून बंटचा सराव कसून. लीग 1920 ची, कॅन्सस सिटीत स्थापन झालेली. पहिली तिन्ही विजेतेपदं शिकागो अमेरिकन जायंट्सचीच. फक्त पिचर म्हणून फॉस्टर यांचा 1905 चा ‘51 विजय, 4 पराभव’ हा आकडा जपून वापरा: तो त्यांचा स्वतःचा दावा आहे, आणि तेव्हाचे बरेच सामने हौशी किंवा अर्धव्यावसायिक संघांशी होत.