हॅलोविनसाठी खिडकीत लावायला भुताटकीची सजावट मुलांना घेऊन घरच्या घरी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की यंदाच अमेरिकेत आलोय, दुसऱ्या मजल्यावर अपार्टमेंट, पोर्च नाही अंगण नाही, मुलं 4 आणि 8 वर्षांची, धाकटा घाबरट आहे आणि दुकानातल्या सजावटीच्या किमती बघून डोळे फिरले. आम्ही पण न्यू जर्सीत अशाच अपार्टमेंटमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे खिडकी या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या.

काहीही आणायच्या आधी अंधार पडल्यावर घरात दिवा लावा आणि मुलांना घेऊन खाली रस्त्यावर जाऊन आपली खिडकी बघा. 31 ऑक्टोबरला इकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, कँडी मागत पोरं फिरत असतात तेव्हा अंधारच असतो, आणि बाहेरून काय दिसतं तर फक्त उजेड आणि आकार. मुलांनी दोन तास खपून रंगवलेला, चमकी लावलेला भोपळा खालून नुसता काळा गोळा दिसतो. म्हणून रंगात जीव घालू नका, बाहेरची रेघ चांगली हवी. काळा कागद पण लागत नाही हो, पार्सलचे खोके कापा, मागे उजेड असला की कुठलाही पुठ्ठा काळाच दिसतो. अजून एक, इथल्या बऱ्याच खिडक्यांना बाहेरून खालच्या अर्ध्या भागाला जाळी असते, तिच्यातून सगळं धुरकट दिसतं, म्हणून महत्त्वाचं भूत वरच्या काचेवर.

नुसता आकार चिकटवला तर मागचा सोफा, टीव्ही, वाळत घातलेले कपडे सगळं दिसतं आणि भुताची पार रया जाते. आधी काचेला आतून आकार लावायचा, त्याच्यावर पूर्ण काच झाकेल असा बेकिंगचा पार्चमेंट पेपर लावायचा, आणि मागे जमिनीवर एक टेबल लॅम्प. निळी पेंटर्स टेप वापरा, काचेवर गोंद राहत नाही.

आता आकार कुठले. वटवाघूळ सोपं, कागद दुमडून अर्धं काढलं की झालं, पण ते सगळ्यांकडे असतं. माझं मत विचाराल तर आपली भुतं काढा, हडळ काढा, मोकळे केस आणि पावलं उलटी, आकारावरून लगेच कळते आणि शेजारची पोरं खाली थांबून विचारतात की हिचे पाय असे का. मुंजा काढायचा तर पिंपळाची फांदी, टोकदार पानं आणि वर उकिडवा बसलेला पोरगा. 2024 मध्ये ऐन दिवाळीत हॅलोविन आलं तेव्हा आमच्या एका खिडकीत कंदील आणि शेजारच्या खिडकीत हडळ होती, सासूबाईंना ते अजिबात पटलं नव्हतं.

सगळ्यात कमी कष्टात जास्त भीती हवी असेल तर नुसते डोळे. मोठ्या पुठ्ठ्यात डोळ्यांची भोकं पाडायची (कटर तुमच्याच हातात) आणि मागून पिवळा किंवा लाल पतंगाचा कागद, आकाशकंदिलाला लावतो तसाच. नाकाकडे उतरते डोळे कापले की रागीट दिसतात, गोल कापले की बावळट, आठ वर्षांच्या मुलाला यात भरपूर वेळ रमता येतं. रंगीत कागद काचेकडे लावा, बल्बला गुंडाळू नका.

धाकट्यासाठी शाळेतला पांढरा गोंद. प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरवर गोंदाने जाड जाड भूत काढू द्या, खाण्याचा रंग थेंबभर, एक-दोन दिवस वाळलं की सोलून काढायचं आणि स्वच्छ काचेवर दाबायचं, आपोआप चिकटतं. पातळ काढलं तर सोलताना फाटतं, आणि काचेला आतून पाणी सुटत असेल तर गोंद परत पांढुरका होतो, त्यामुळे हे कोरड्या खिडकीवरच.

मेणबत्ती नको, आणि बॅटरीवाल्या छोट्या दिव्यांत बऱ्याचदा बटन सेल असतो, तो लहान मुलाने गिळला तर फार वाईट, म्हणून स्क्रूने बंद होणारेच घ्या. कापसाचं ते ताणायचं जाळं बाहेर लावू नका, पक्षी अडकतात.

राहिला धाकट्याच्या भीतीचा प्रश्न. त्याचं भूत त्यालाच काढू द्या, नाव त्यालाच ठेवू द्या आणि मुख्य म्हणजे लॅम्पचं बटण त्याच्या हातात द्या. आणि तो झोपतो त्या खोलीच्या खिडकीत मात्र काही लावू नका, रात्री पाणी प्यायला उठला की तुमचीच झोप जाईल.