जलनेतीने सायनसचा त्रास कमी होतो का? मी केली तर नाकात मिरची गेल्यासारखं का झालं?

आधी तुमच्या मिरचीचं सांगते, कारण बहुतेक जण तिथेच नेती, म्हणजे मिठाचं कोमट पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढणं, सोडून देतात. मीही सोडली होती.

सणक जाते ती बहुतेक वेळा मीठ कमी पडल्यामुळे. पोहताना नाकात पाणी गेलं की कसं झणझणतं, अगदी तसंच. आपल्या शरीरातला खारटपणा साधारण ०.९ टक्के. नेतीच्या पाण्याचा तेवढाच हवा, म्हणजे अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम. बारीक मीठ असेल तर चहाचा सपाट पाऊण चमचा. मी 'चिमूटभर' घालत होते! चव आसवांसारखी लागली की जमलं. मीठ पूर्ण विरघळू द्या, पाणी कोमट ठेवा. चिमूटभर खायचा सोडा घातला तर आणखी सोसवतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. खळखळून किमान एक मिनिट उकळलेलं आणि झाकून निवलेलंच घ्यायचं. 'आमच्याकडे आरओ आहे' हे चालत नाही, फिल्टरचं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं मेंदूत शिरणाऱ्या अमिबामुळे दगावले. असं क्वचितच घडतं, पण पाणी उकळायला असा किती वेळ लागतो? भांडंही धुऊन कोरडं करून ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मला फरक पडला. पूर्वी सर्दी झाली की आठवड्याभरात गालाची हाडं ठणकायला लागायची, खाली वाकवत नसे. नेतीने जंतू मरत नाहीत, पण दाट शेंबूड, धूळ, परागकण वाहून जातात आणि सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, तोंडं मोकळी राहायला मदत होते. म्हणून सर्दीच्या दिवसांत मी रोज करते, एरवी आठवड्यातून दोनदा. डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर आधी नेती, मग स्प्रे. उलटं केलंत तर औषध मोरीत जातं.

करताना पुढे वाकून डोकं तिरकं करायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. नंतर नाक हलकेच शिंकरा, एका वेळी एकच नाकपुडी. मी एकदा दोन्ही दाबून जोर लावला आणि दिवसभर कानात दडा. नाक गच्च बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी राहू द्या.

डोळ्याभोवती सूज, दोन दोन दिसणं, मान आखडणं, खूप ताप, यातलं काहीही झालं तर नेतीपात्र ठेवून सरळ दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर आणखी लवकर.

आणि त्रास कायम एकाच बाजूला, वासही घाण, असं असेल तर दात दाखवा. गेल्या वर्षी दोन महिने मी डावी नाकपुडी धूत बसले होते. निघाली वरची किडलेली दाढ.