रिटायर झाले आणि किचनमध्ये आले! वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमचे हे जिल्हा परिषदेतून मे महिन्यात रिटायर झाले, अकाउंट्सला होते. तेव्हापासून पूर्ण दिवस घरात. चहा ठेवला की मागे येऊन उभे, गॅस एवढा मोठा कशाला, कुकरच्या तीनच शिट्ट्या का. परवा तर सगळे डबे खाली काढून लेबलं चिकटवली आणि कॅलेंडरवरचा दुधाचा हिशोब जुळत नाही म्हणून गवळ्याला अर्धा तास दारात उभं केलं. काही बोलले की म्हणतात, "आता मी जड झालो का?" माझंच बीपी वाढलंय. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी बीपी डॉक्टरांना दाखवून घ्या, नवरा सुधारेल तेव्हा सुधारेल. आणि हे फक्त तुमच्याच घरात चाललंय असं समजू नका. जपानमध्ये नोबुओ कुरोकावा नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच 'रिटायर्ड हजबंड सिंड्रोम' असं नाव देऊन हा विषय मांडला होता, आणि त्यात पेशंट कोण, तर बायका! नवरे रिटायर होऊन घरी बसले आणि दुखणी बायकांना लागली.

आता तुमच्या ह्यांच्याकडे बघू. ज्या माणसाने उभा जन्म व्हाउचर तपासली त्याच्यासमोर आता तपासायला काय उरलंय, तर तुमचे डबे. त्यांना तुमच्यात खोट काढायची नाहीये हो, त्यांना टेबल हवंय. म्हणून "जरा बाहेर जाऊन या" असं मोघम सांगून काही होत नाही, ते कोपऱ्यावरून पेपर घेऊन दहा मिनिटांत परत येतात. रोज ठरलेल्या वेळी जायची ठरलेली जागा पाहिजे, आणि नाही गेलं तर कोणीतरी फोन करून विचारलं पाहिजे. ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक गावांत असतो आणि तिथे हिशोब लिहिणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो, सार्वजनिक वाचनालयाचंही तेच. हास्यक्लब बघा. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत पाचेक जणांना घेऊन सुरू केला तो आता जगभर पोचलाय. खरं सांगायचं तर बागेत हात वर करून हा हा हा करणं मला स्वतःला काही जमत नाही, पण तिथे हसण्यापेक्षा नंतरचा चहा आणि गप्पा हेच मोठं औषध आहे असं माझं मत.

दुसरं म्हणजे किचनमध्ये त्यांना यायचंच असेल तर येऊ द्या, पण सुपरवायझर म्हणून नाही. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळचं जेवण पूर्ण त्यांचं, म्हणजे भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. त्या वेळी तुम्ही बाहेर, मैत्रिणीकडे, देवळात, कुठेही. खिचडी खाली लागली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तुम्हाला जड जाणार, माहिती आहे मला. ते ५८ व्या वर्षी सुटले, तुमची रिटायरमेंट कधी, हा प्रश्न एकदा दोघांनी चहा पिताना बोलून घ्या, भांडणाच्या वेळी नको.

एवढं मात्र बघा, की दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवणावर वासना नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही असं दिसलं तर तो नुसता रिकामपणा नसतो, डॉक्टरकडे न्यायचं. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं.

प्रश्न: वय ६७. रोज दहा हजार पावलं चालतो, मोबाईलवर मोजतो. तरीपण खाली बसलं की उठताना हाताचा आधार लागतो. अजून चालणं वाढवू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काका, चालताय त्याबद्दल शाबासकी, पण दहा हजार हा आकडा काही वैद्यकशास्त्राने दिलेला नाही, तो १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना चिकटला आणि मग सगळीकडे पसरला. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते आणि शिवाय तोल आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. आपण सगळे पहिलं करतो आणि दुसरं सोडून देतो, आणि बाथरूममध्ये पाय घसरतो तेव्हा उपयोगाला येतं ते दुसरंच.

घरच्या घरी बघा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता ते मोजा, जवळ कोणीतरी असू द्या. तुमच्या वयाच्या पुरुषाला १२ च्या खाली जमलं तर पायाची ताकद कमी आहे असं धरतात. मग हाच व्यायाम, पाच पाचने सुरू करायचा, आणि ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहायची सवय. गुडघा फार दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट. खाण्याचंही बघा, या वयात वजनाच्या किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं असं तज्ज्ञ सांगतात आणि आपली रात्री चहा-खारी किंवा नुसता भात-आमटी, त्यात ते कुठून येणार! उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडी. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

प्रश्न: मी ७१ वर्षांची, एकटी राहते. पंढरपूरला जाऊन यावंसं वाटतं, मुलगा पुण्याहून म्हणतो एकटी जाऊ नकोस.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जा की! मुलाची काळजी खोटी नाही, पण ती फोनवर भागवता येते. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच, पंचाहत्तरी पूर्ण झाली की राज्यात फुकट. आधार कार्ड जवळच ठेवा, कंडक्टर विचारतो. आषाढी-कार्तिकीची गर्दी टाळा, एकादशीही टाळली तर उत्तम. गोळ्या मोठ्या बॅगेत नको, खांद्याच्या पर्समध्ये, दोन दिवस जास्तीच्या. मुक्कामाची खोली आधी फोन करून ठरवा आणि तळमजल्याचीच मागा. काही अडलंच तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. आणि मुलाला निघताना विचारू नका, सांगा.