आधी हात

पोरी,

निवड चाचणीत तीन चेंडू सुटले आणि तू म्हणालीस, "सर, ग्लव्ह जुना आहे." आता सॉफ्टबॉल सोडून बँकेच्या परीक्षांना बसू का, असं विचारतेस. परीक्षा जरूर दे. पण ग्लव्हवर खापर फोडून मैदान सोडू नकोस.

बिड मॅकफीचं नाव ऐकलंयस? १८८२ ते १८९९, सलग अठरा हंगाम तो अमेरिकेत सिनसिनाटीकडून बेसबॉल खेळला. जागा एकच, तुझीच, सेकंड बेस, म्हणजे दुसऱ्या तळाजवळची क्षेत्ररक्षणाची जागा. आजूबाजूचे सगळे हळूहळू ग्लव्ह घालू लागले, हा मात्र उघड्या हातांनी उभा. तळहात मिठाच्या पाण्यात बुडवून कातडी घट्ट करायचा. १८८६ साली सेकंड बेसवर त्याने ५२९ पुटआउट केले, म्हणजे चेंडू स्वतःच्या हाती घेऊन इतक्या वेळा समोरच्याला बाद केलं. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. उघड्या हातांनी, पोरी!

१८९६ मध्ये बोट दुखावलं, तेव्हा कुठे त्याने ग्लव्ह चढवला. त्या हंगामात त्याची क्षेत्ररक्षणाची सरासरी ०.९७८ झाली, म्हणजे हजार संधींमागे चुका बावीस. तू लगेच म्हणशील, मग आधीच का नाही घातला? पालकही मला हेच विचारतात. नव्या मुलांना पहिले पंधरा दिवस मी टेनिसच्या चेंडूवर ग्लव्हशिवाय झेल घ्यायला लावतो, म्हणून त्यांना मी जुनाट वाटतो. वाटू दे. चेंडू कसा येतो हे मॅकफीच्या तळहातांना चौदा हंगाम कळत आलं होतं, ग्लव्ह त्यावर चढला. आधी हात. किती वेळा सांगू?

मी बावीस वर्षांचा असताना जिल्ह्याच्या सामन्यात चेंडू माझ्या ग्लव्हमधून उसळून बाहेर गेला. ग्लव्ह मित्राचा होता, सैल होता, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे मी मनगट आखडलं होतं, चेंडूबरोबर हात मागे नेलेच नव्हते. त्यानंतर मी सामना खेळलो नाही. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी लिहितोय. मुलांच्या हातांसाठी मी एवढा हट्ट धरतो, तो त्या एका चेंडूपायी.

तुझे तिन्ही चेंडू मी नीट पाहिले. दोन वेळा चेंडू हातात येण्याआधीच तुझी नजर फर्स्ट बेसकडे गेली होती. तिसऱ्यांदा तू घाबरलेली होतीस, तो मी धरत नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला ये. टेनिसचे चेंडू मी आणतो. ग्लव्ह घरी ठेव.

तुझे सर